मोटारीचं भाडं कोणी उतरवलं?

आमच्या गावात तेव्हा घागरी कमी आणि पेट्रोलचे डबे जास्त होते. विहिरीवर, वाडीत, मिठागरात, न्हाणीच्या दारात, जिकडे बघाल तिकडे तेच चौकोनी पत्र्याचे डबे. वरचं झाकण कापून आडवी लाकडी दांडी ठोकली की झालं भांडं. त्यात पाणी भरायचं, भात उकडायचा, वालाचं बी राख घालून ठेवायचं. एका घरी तर तुळसही डब्यात होती. तिला रोज प्रदक्षिणा चालायच्या, आणि उन्हं तापली की त्या तुळशीला पेट्रोलचा वास यायचा. तरी तिला कोणी बाटलेली म्हटलं नाही.

हे सगळे डबे आमच्या घरून गेलेले. रेवस बंदर ते अलिबाग या रस्त्यावर माझ्या बापाची सर्व्हिस मोटार चालायची. बा तरुणपणी मुंबईला एका पारशी बावाजीकडे मोटारी पुसायला राहिला, पुसता पुसता चालवायला शिकला, आणि बावाजीची एक मोटार म्हातारी झाली तेव्हा ती स्वस्तात घेऊन, पडावात, म्हणजे शिडाच्या मोठ्या होडीत चढवून, रेवसला उतरवली. मागचा भाग कापून दोन बाकं बसवली. वर ताडपत्री. पेट्रोलही मुंबईहून पडावानेच यायचं, डब्यांतून. रिकामा डबा बा कोणालाही फुकट द्यायचा. आई कुरकुरायची. बा म्हणायचा, "गावाचं पानी वाहतील ते. आपल्याला कशाला?"

सकाळी रेवसला आगबोट लागायची. तिला गाठायला बाया पहाटेच आमच्या दारात हारे, म्हणजे मोठ्या टोपल्या घेऊन बसत. पांढऱ्या कांद्याच्या माळा, वालाच्या शेंगा, नारळ. मुंबईला माल विकून संध्याकाळच्या बोटीने परत. बोटीतून उतरणारे आमचेच लोक असत, मुंबईला नोकरीत असलेले, शिमग्याला आणि गणपतीला घरी येणारे. हातात पत्र्याची ट्रंक, अंगाला मुंबईच्या साबणाचा वास. घोडागाडीत बसलं की ते गावचे होत, मोटारीत बसलं की साहेब होत. मोटारीत बसल्यावर बायासुद्धा पदर जरा वेगळा घ्यायच्या. हे मी कितीदा पाहिलंय.

आणि एक फूल. ते आधी सांगायला हवं, कारण माझी सगळी गोष्ट त्या फुलाची आहे. रोज सकाळी मोटार चालू करण्याआधी बा गावदेवीच्या देवळात जाऊन यायचा आणि एक जास्वंद मोटारीच्या नाकावर ठेवायचा. रस्ता कसला, नुसती धूळ आणि खड्डे. चोंढीपर्यंत फूल उडून गेलेलं असायचं. बा म्हणायचा, "उतरली देवी. तिला चोंढीला काम असंल." पण ते फूल वाहायचा एक नियम होता. हात साफ असेल तरच. एकदा मोटारीखाली कोणाची तरी कोंबडी गेली आणि बाने "मी न्हाय, घोडागाडीवाल्यानं मारली" असं सांगून टाकलं. त्यानंतर मोटारीवर फूल दिसेना. आईने विचारलं तर म्हणाला, "मना देवीला तोंड दाखवाची लाज वाटते." शेवटी कोंबडीवालीला जाऊन खरं सांगितलं, कोंबडीचे पैसे दिले, आणि दुसऱ्या दिवशी फूल पुन्हा नाकावर आलं. एवढा भोळा माणूस मोटारीच्या धंद्यात कसा काय पडला, देव जाणे.

एका दिवाळीनंतर पेट्रोल महागलं. सरकारने जकात वाढवली, असं बंदरावरच्या डबेवाल्या व्यापाऱ्याने बाला सांगितलं. बाने काही दिवस कळ सोसली. मग अलिबागचं भाडं चार आण्यांचं पाच आणे केलं. एक आणा. आज भिकारीसुद्धा एक आणा घेणार नाही, पण तेव्हा एका आण्यासाठी गाव पेटलं.

दोष कोणाचा, हा प्रश्न होता. सरकार मुंबईला होतं, शिमल्याला होतं, विलायतेला होतं. कुठे का असेना, हाताला लागत नव्हतं. बा हाताला लागत होता. वड्याचं तेल वांग्यावर काढायला वांगं जवळ असावं लागतं, आणि आमचं घर तर देवळासमोरच होतं.

त्यात लोकल बोर्डाची निवडणूक आलेली. मिठागरांचा मक्ता असलेले एक शेठ बोर्डावर होते, आणि त्यांच्याविरुद्ध अलिबागचे एक वकील उभे राहिले होते. वकील देवळाच्या पटांगणात आले आणि म्हणाले, "ही दरवाढ बोर्डावर झोपा काढणाऱ्या शेठजींमुळे झाली." शेठ आले आणि म्हणाले, "अरे भाई, बोर्ड शूं करे? भाडं मोटारवाल्यानं वाढवलं, मोटारवाल्याला विचारो." दोघांनाही टाळ्या पडल्या. आमच्या गावात फुकट भाषणाला टाळी नाकारायची पद्धत नव्हती.

मग गावकी बसली. आमच्याकडे गावकी म्हणजे देव, कोर्ट आणि सासू, तिन्ही एकत्र. गावचे थोरले पंच मधे बसले. त्यांची अर्धी जमीन शेठच्या मिठागराला लागून, तेव्हा शेठचं म्हणणं त्यांना पटलेलं होतंच, फक्त पुरावा हवा होता. पुरावा त्यांनीच काढला. त्यांनी बाला पेट्रोलचा जुना, स्वस्ताईतला रिकामा डबा आणि नवा, महागाईतला रिकामा डबा, असे दोन्ही पटांगणात आणायला लावले. जुना काठोकाठ पाण्याने भरला. मग ते पाणी सगळ्या गावादेखत नव्यात ओतलं. नवाही काठोकाठ भरला. थेंबसुद्धा सांडला नाही.

थोरले पंच उभे राहिले. "डबा त्योच, माप त्योच," ते म्हणाले. "मंग भाव वाढला कुठनं?"

गाव हललं. एवढा स्वच्छ पुरावा कोणी कधी पाहिला नव्हता. आणि माझ्या बापाने काय करावं? तो हसला. पोट धरून हसला. मला आजही वाटतं, आणा वाढवला ते गावाने एकवेळ पोटात घातलं असतं. ते हसणं नाही घातलं. त्याच बैठकीत ठरलं: भाडं खाली येत नाही आणि मोटारवाला चूक कबूल करत नाही, तोवर त्याचं घर वाळीत.

वाळीत टाकणं म्हणजे काय, हे आमच्या किनाऱ्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगते. आमच्याशी कोणी बोलायचं नाही, आमच्या दारात यायचं नाही, आमचं घ्यायचं नाही, आम्हाला द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर अंगणभर डबे. बाने फुकट दिलेले सगळे डबे लोकांनी पहाटे आणून पालथे घालून ठेवले होते, कारण वाळीत टाकलेल्याची वस्तू घरात ठेवली तर ठेवणाराही वाळीत. आई त्या डब्यांमधे उभी राहून रडली. मी मोजायला नाही, बघायला लागले की कोणाकोणाचे आले नाहीत. थोरल्या पंचांच्या घरचा आला नव्हता. तो त्यांच्या न्हाणीच्या पन्हळीखाली होता आणि दुसरा डबा मिळेपर्यंत न्याय थांबला असावा.

मोटार मात्र चालू राहिली. परगावचे लोक बसत. आमच्या गावच्या बाया हारे डोक्यावर घेऊन चालत रेवसला जात, आणि मोटार जवळून गेली की रस्त्याकडे पाठ करून उभ्या राहत. बा मोटार हळू करायचा, धूळ त्यांच्या अंगावर उडू नये म्हणून. मला त्याचा राग यायचा. मी असते तर मुद्दाम उडवली असती.

हे सगळं मी सोसलं असतं, पण वैशाखात माझं लग्न ठरलेलं होतं. मुलगा किहीमचा, नारळाच्या वाडीवर काम करणारा. आणि आमच्यात लग्न लावते ती धवलारीण. ती धवला म्हणते, म्हणजे लग्नाची गाणी. ती देवांना लग्नाला बोलावते, हळदीपासून पाठवणीपर्यंत तिचं गाणं थांबत नाही, ती सांगेल तसं सगळं होतं. ती एक ओळ म्हणणार, भोवतीच्या बाया ती ओळ उचलून पुन्हा म्हणणार, आणि धवला मधे तोडायचा नाही. तुटला तर नवरीच्या संसाराला लागतं. धवल्याशिवाय झालेलं लग्न आमच्यात लग्नच नव्हे.

आमच्या गावची धवलारीण होती माझी सख्खी आत्या, बाची धाकटी बहीण. गावातच दिलेली, आमच्या परसाच्या कुंपणापलीकडे तिचं घर. गावातल्या झाडून सगळ्या मुली तिच्याच धवल्यावर सासरी गेल्या होत्या. मी लहान असल्यापासून ती मला म्हणायची, "तुज्या लग्नाला असा धवला बोलीन, का देव परत जाचं नाव घेनार न्हाय." आता तीच आमच्याशी बोलू शकत नव्हती. पण ती आत्या होती. ती कुंपणाशी यायची आणि तिच्या गाईशी बोलायची.

"काय गं तांबडे," ती मोठ्याने म्हणायची, "किहीमच्यांनी सांगावा धाडलाय म्हनं. धवला नसंल त लगीन नको, असं बोलतान." किंवा, "तांबडे, परगावची धवलारीन यंवाची न्हाय बग. गावकीला पुसल्याबिगर दुसरीच्या शिवेन कोन पाय टाकल?" गाय बिचारी चघळत राहायची. मी कुंपणाअलीकडे उभी राहून ऐकायची. एकदा तांबडीला सांगता सांगता आत्याला रडूच फुटलं. ती गाईच्या मानेवर डोकं टेकून तशीच उभी राहिली.

वकिलांनी निरोप पाठवला होता की भटजी आणून मी लग्न लावून देतो, वर्तमानपत्रातही छापून आणतो. बाने नको म्हणून कळवलं. त्याच्या मुलीचं लग्न कोणाच्या निवडणुकीला लागणार नव्हतं.

आणि चैत्रात पेट्रोल उतरलं.

झालं असं की मुंबईत कुठल्याशा नव्या कंपनीने परदेशातून स्वस्त माल आणला, जुन्यांनी तिला पाडायला आपले भाव पाडले. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. हे बंदरावरच्या व्यापाऱ्याने बाला सांगितलं आणि बाने त्याच संध्याकाळी भाडं पुन्हा चार आणे केलं. कोणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मोटारीत बसणाऱ्याकडून चारच घेतले, एवढंच.

दोष घ्यायला कोणी नव्हतं. श्रेय घ्यायला आता रांग लागली. वकील पटांगणात आले, नारळ-हार घेऊन म्हणाले की माझ्या वर्तमानपत्रातल्या पत्राने सरकार हादरलं. शेठ आले, हार घेऊन म्हणाले की मी कलेक्टरसाहेबांना अर्ज केला होता. गावकी म्हणाली, दोघांचं जाऊ द्या, आम्ही वाळीत टाकलं म्हणून मोटारवाला वठणीवर आला. घरी आई म्हणाली, तिने सोमवार धरले होते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडावी, पण इथे एका फांदीवर चार कावळे होते आणि चौघेही सांगत होते, मीच बसलो. पुढे वकील निवडून आले. आणखी काही वर्षांनी पेट्रोल परत चढलं तेव्हा ते म्हणाले, भाव ठरवणं बोर्डाच्या हातात नसतं. ते ऐकायला बा हवा होता, असं फार वाटलं.

भाडं उतरलं तरी आमचं वाळीत राहणं उतरलं नाही. थोरल्या पंचांनी निरोप धाडला. मोटारवाल्याने देवीसमोर नारळ ठेवावा आणि हातात तो नारळ धरून गावादेखत म्हणावं: भाडं मी लोभाने वाढवलं, गावाने ते उतरवलं. मग वाळीत संपलं, मग धवला, मग लग्न. पंचांना बाचा पैसा नको होता. त्यांना बाचा दोष हवा होता, कारण बाचा दोष असल्याशिवाय गावाचं श्रेय उभं राहत नव्हतं.

घरात तीन दिशांना तीन तोंडं झाली. आई म्हणाली, "गाव करील त्ये राव करनार न्हाय. बोला दोन शब्द, काय झिजतान?" मी म्हणाले, "बा, नारल ठेवू नको. मना धवला नको. मना लगीनच नको." खरं तर मला दोन्ही हवं होतं. किहीमचा मुलगा मी एकदा यात्रेत पाहिला होता. पण बाने खोटं बोलावं, आणि तेही देवीच्या तोंडावर, हे मला सहन होत नव्हतं. कोंबडीसाठी लाजलेला माणूस तो.

बा पडवीत बसून मोटारीची चावी पुसत होता. चावीला पुसण्यासारखं काही नसतं. ती खाली ठेवून म्हणाला, "मी वाडवलं, ह्ये खरं. मी उतरवलं, ह्ये बी खरं. दोनीच्या मदी माजा हात नव्हता, येवडंच त्यांना नको हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आत्यानं तुला तानी असल्यापासनं धवला कबूल केलाय. मी माझे बहिनीचा शबूद कसा मोडू?"

दुसऱ्या दिवशी तो गेला. मी दाराआडून पाहिलं. त्याने नारळ दोन्ही हातांत धरला, देवीकडे पाहिलं नाही, जमिनीकडे पाहून सांगितलं तेवढी दोन वाक्यं म्हटली आणि नारळ ठेवला. आवाज मोठा होता. गावाने देवीचा जयजयकार केला. त्याच दुपारी लोक हसत हसत आले आणि आपापले डबे घेऊन गेले. एकीने तर विचारलं, माझा डबा चेपला कसा? मला बाचा राग आला, गावाचा आला, त्या डब्यांचा आला, आणि माझ्या लग्नाचाही आला.

त्या दिवसापासून मोटारीच्या नाकावर फूल नव्हतं. बा सकाळी देवळात जाईना. देऊळ समोर, पण मोटार काढताना तो मान वळवायचा. आईने एकदा परसातली जास्वंद आणून ठेवली तर त्याने उचलून बाजूला केली. मी ती जास्वंद उचलली आणि नंतर कुठे टाकली, मला आठवत नाही.

हळद लागली. मांडव नारळीच्या झापांचा, चुलीवर पाणी त्याच डब्यांत. सगळं गाव आलं, जणू मधे काही झालंच नव्हतं. थोरले पंच मांडवात मानाच्या जागी बसले. मला पाटावर बसवलं आणि आत्या माझ्याजवळ बसली. तिने सगळ्यात आधी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग धवला सुरू केला.

तिच्याभोवती बाया, आणि ओळ उचलणाऱ्यांत सगळ्यात पुढे थोरल्या पंचांची बायको. तिला सगळे थोरली काकी म्हणत. तिचा आवाज मोठा, म्हणून तिचा मान. आत्याने गणपतीला बोलावलं, बायांनी ओळ उचलली. गावदेवीला बोलावलं, मांडव्याच्या देवाला, किहीमच्या देवाला. सगळे देव एक एक करून निघाले. नेहमीच्या धवल्यात देव घोड्यावर येतात, पालखीत येतात. आत्याने त्यांना रस्त्यावर आणून उभं केलं आणि म्हणाली:

देवी बसली मोटारीन, माझे भावाचे मोटारीन

बायांना हसू आलं. त्यांनी हसत हसत ओळ उचलली. आत्याने चाल बदलली नाही, डोळेही उघडले नाहीत.

देवी इचारी भावाला, भाडं कोनी रं वाडविलं

आता हसू थांबलं. पण धवला होता. ओळ उचलायचीच. बायांनी उचलली, जरा हळू. मांडवातले पुरुष वळून बघू लागले.

भाव बोलं देवीला, आई, तेल म्हागलं मुंबयला

या ओळीला बऱ्याच बाया घुटमळल्या. मी पाटावर मान खाली घालून बसलेली, सगळं अंग पिवळं, आणि मला वाटलं, तुटला आता धवला, माझा संसार गेला. तेवढ्यात थोरल्या काकीने ओळ उचलली. एकटीने, खणखणीत. उन्हातान्हातून हारा घेऊन रेवसपर्यंत चालली होती ती, नवऱ्याच्या न्यायापायी. तिच्यामागे बाकीच्यांनी आवाज दिला. थोरले पंच उठू लागले, पण धवला चालू असताना मानाच्या जागेवरून उठणारा माणूस नवरीचं वाईट चिंतणारा ठरतो, हे त्यांनाच सगळ्यांत जास्त ठाऊक. ते खाली बसले.

कोनी वाडविलं, कोनी उतरविलं, गावाला ठावं न्हाय

सगळ्या बायांनी म्हटलं, गावाला ठावं न्हाय. मग आत्याने माझ्या पाठीवरचा हात तसाच ठेवून शेवटची ओळ म्हटली.

देवी बोलं भावाला, लेका, तुजा गुन्हा न्हाय

लेका, तुजा गुन्हा न्हाय. साऱ्या गावच्या बायांनी म्हटलं. आत्याने ती ओळ पुन्हा घेतली, त्यांना पुन्हा म्हणावी लागली. तिसऱ्यांदा घेतली. तिसऱ्या वेळी कोणाला म्हणावी लागली नाही, त्यांनी म्हटली. झापांच्या फटीतून मला परसातली मोटार दिसत होती. बा फडक्याच्या गाळणीतून तिच्यात पेट्रोल ओतत होता. पेट्रोल टाकीबाहेर सांडत होतं, आणि एक थेंब वाया न घालवणारा तो माणूस डबा तसाच तिरपा धरून उभा होता.

आत्याने लगेच पुढचा देव बोलावला, आणि धवला नेहमीच्या वाटेने चालू लागला. त्यावर कोणी कधी काही बोललं नाही. बोलणार कोण? साऱ्यांच्या बायकांनी ते स्वतःच्या तोंडाने म्हटलं होतं, देवांच्या साक्षीने. संध्याकाळी थोरल्या पंचांनी भात झाला का, एवढंच विचारलं.

लग्न लागल्यावर पाठवणीला बाने मोटार दारात आणली. गावातली पहिली नवरी मी, जी मोटारीतून सासरी गेली. नवरा शेजारी, मागे वऱ्हाडाच्या बाया, पायाशी आईने दिलेला एक डबा, वालाच्या बियाण्याने भरलेला. आई रडत होती, आत्या रडत होती, गाय हंबरत होती. मी रडत नव्हते. मी खूप रागावलेली मुलगी होते आणि मला वाटत होतं, राग आहे तोवर रडू येणार नाही.

बा देवळाकडे गेला. परत आला तो हातात एक जास्वंद घेऊन. कोणाकडे न बघता त्याने ती मोटारीच्या नाकावर ठेवली, दांडा फिरवून मोटार चालू केली आणि चढून बसला. पुढच्या काचेतून मला ते लाल फूल दिसत होतं, धक्क्याधक्क्याला हलत होतं. खड्डे आले, बैलगाड्या आल्या, फूल टिकलं. चोंढीच्या वळणावर, जिथून किहीमचा रस्ता फुटतो, तिथे ते उडालं.

बाने मागे वळून पाहिलं नाही. "उतरली," तो म्हणाला.

मग मात्र मी रडले.